तुळसाबाईची पुढची खोली

जऊळक्याले ठेसनाकडून गावात येताना डाव्या हातानं एक घर लागते. भितीले हिरवा रंग आन दाराले गुलाबी. असा रंग कोनी देल्ला असन असं तुमाले वाटन, तं सांगून टाकते. हिरवा शालिग्रामभौच्या पसंतीचा आन गुलाबी त्याइच्या बायकोच्या, तुळसाबाईच्या. दोघाइचं काही जमलं नाही, म्हनून त्याइनं भिती रंगवल्या आन हिनं दारं. शालिग्रामभौ गेले, त्याइचं किराना दुकान बंद झालं, पोरगा विकास पुन्याले कंपनीत लागला, सून वैष्णवी तिकडचीच होऊन गेली. राह्यली तुळसाबाई आन तिचं चार खोल्याइचं घर.

मी समोरच राह्यते. आमचे मालक रेल्वेत गँगमन व्हते, त्या नोकरीपायी इथं आलो आन इथंच घर बांधलं. आमचं घर बौद्धाचं, तिचं कुनब्याचं. माह्या आजीनं माह्यं नाव रुख्मिनी ठेवलं व्हतं आन ते बदलाचं कोनाले सुचलं नाही, म्हनून तुळसाबाई मले अजून बी म्हनते, नाव देवीचं आन घरात बुद्ध, तुही तं मजाच हाय बाई. इतक्या वर्साचा शेजार हाय आमचा. तिच्या भाजीत मीठ जास्त झालं हे तिच्या आंधी मले समजते.

आता तिची खोड सांगते. तुळसाबाईले बंद दार दिसलं की वाटते आत कोनी बिमार हाय. कोनाच्या बी घरी जाताना ते आंधी आत शिरते, सैपाकाच्या खोलीत पोचते, भाजीवरचं झाकन उघडून पाह्यते, आन मंग इचारते, कोनी हाय काय घरात. माह्या घरी ठीक हाय. माह्या भाजीत झाकून ठेवासारखं काही नसतेच. पर बिचाऱ्या भाडेकरूचं काय.

पुढच्या दोन खोल्या तिनं भाड्यानं देल्ल्या त्या पैशापायी, असं लोक म्हनत. थोडं ते बी असन. पर खरं असं व्हतं का एकट्या घरात तिले झोप लागत नोती. पल्याडच्या खोलीत कोनी गिलास आपटला, कोनी खोकललं, की मंग ते घोरायले मोकयी. पुढच्या आन मागच्या खोल्याइच्या मधात एक दार हाय आन त्याची कडी तुळसाबाईच्या बाजूनं. म्हंजे तिनं मनात आनलं की ते पुढं.

पहिला आला बँकेतला वीरेंद्र, सडाफटिंग पोट्टा. तो कामावर गेला की ही मधल्या दारातून आत. त्याच्या चादरी धुवे, त्याचे मोजे जोडीजोडीनं लावून ठेवे, आन संध्याकायी ओट्यावर बसून साऱ्या गल्लीले सांगे का पोट्टा रातच्याले दिवा लावून झोपते, भेत असन बिचारा. पोट्ट्यानं तीन महिन्यात बदली मांगून घेतली. मंग आला मोबाईलच्या दुकानवाला किशन, नवीन लग्न झालेला. त्याच्या घरी मोठा टीव्ही व्हता. संध्याकायी मालिकेच्या टाइमाले तुळसाबाई त्याइच्या पलंगावर, मधोमध. नवरा एका कोपऱ्यात, बायको दुसऱ्या कोपऱ्यात. मी तिले म्हटलं, तुळसे, पाळना लांबन त्याइचा तुह्यापायी. तं मले म्हनते, मालिका संपली की जातो ना मी. मालिका संपत नसतेत. किशन मालेगावले गेला.

असं दोनदा झाल्यावर आली धम्मदीपा.

धम्मदीपा आमच्या उपकेंद्रावर नर्स म्हनून आलती. माहेर रिठदचं. नवरा प्रसेनजित अकोल्याले कारखान्यात, शनिवारच्या गाडीनं ये आन सोमवारी पहाटे जाय. पदरात तीन वर्साची पोट्टी, नाव संघमित्रा, पर गाल असे का सारे गोलूच म्हनत. गावात तिनं दोन जागी खोली पाह्यली व्हती. दोन्ही जागी आडनाव सांगतल्यावर खोली कालच गेली असं उत्तर भेटलं. म्हनून तुळसाबाईच्या फाटकात उभी राहून तिनं पहिलं तेच सांगतलं. म्हने, "काकू, आमी बौद्ध हाओ. चालत असन तं खोली पाह्यते, नसन चालत तं आत्ताच सांगा."

तुळसाबाईनं तिले खालून वरून पाह्यलं. मंग म्हनते, "संडासाची कडी खराब हाय. ते चालते काय तुले?"

मी माह्या ओट्यावर बसून आयकत व्हती. मले त्या दिवशी तुळसाबाई लय आवडली. आता खोटं नाही बोलत, पहिल्या पहिल्यानं ते दीपाच्या घरी काही खायची असली की आपल्या घरून आपलं ताट घेऊन जाय. मी पाह्यलं आन काही बोलली नाही. मंग एक दिवस ताट इसरली, दीपाच्याच ताटात खाल्लं, आन मंग ताट न्यायचंच बंद झालं. तिची जाऊ नीलिमा, गावातच राह्यते, तिनं येऊन तोंड वाकडं केलं का वयनी, घर बाटवलं. तुळसाबाई म्हने, बाटलं तं बाटलं, निदान घरात कोनी बोलते तं हाय.

पर तिची खोड कुठं जाते. एका रविवारी दुपारच्याले नवरा बायको जराक पडले व्हते. ही भज्याची पलेट घेऊन मधल्या दारातून थेट आत. काय पाह्यलं, काय नाही, तिनं मले सांगतलं नाही, आन ते ज्या गोष्टी मले सांगत नाही त्या मोजायले एक बोट बी जास्त होईन. संध्याकायी दीपा चाहा घेऊन मागच्या खोलीत आली, तुळसाबाईजवय बसली, आन तिनं गोड आवाजात सारं साफ सांगतलं. आवाज देल्ल्याबिगर यायचं नाही. आमी नसलो तं यायचंच नाही. गोलूले नेलं तं सांगून न्यायचं. आन समोरच्या भितीवर बाबासाहेबाचा आन बुद्धाचा फोटो हाय, त्याले आमच्या बिगर कोनी हात नाही लावायचा, पुसायले बी नाही. आन दुसऱ्या दिवशी मधल्या दाराले आपल्या बाजूनं बी एक कडी बसवून घेतली.

तुळसाबाई रडत माह्याकडं आली. माह्याच घरात मले कडी, म्हने. मी म्हटलं, अवं तुह्या घरात तिचं घर हाय आता. तुह्या पोटात विकास व्हता तवा तू काय रोज आत हात घालून पाहे काय. तं रडता रडता हासली आन मले चिमटा काढला.

अन् शिकली बाप्पा. साठी उलटलेली बाई शिकली. पहिले पहिले कडी वाजवे आन वाजवतानाच दार लोटे. मंग वाजवून थांबे, पर पल्याडून आवाज यायच्या आंधी सारं इथूनच बोलून घे, काय शिजवलं, कोन आलतं, पोट्टीले खोकला काहून हाय. मंग खरंच थांबायले लागली. ते कडी वाजवे की गोलू पल्याडून पयत ये आन दाराच्या फटीत तोंड घालून इचारे, "कोन?" ही म्हने, "मी." ते म्हने, "मी कोन?" असं मायलेकीसारखं चालू राहे आन दीपा आतून हासत राहे. मले वाटलं, जमलं आता. दोन बाया, दोन कड्या, आन मधात एक दार. यापेक्षा जास्त काय पाह्यजे असते मानसाले.

मंग भादवा आला.

तुळसाबाईच्या घरी महालक्ष्म्या बसतेत. आमच्याकडं गौरीले महालक्ष्म्या म्हनतेत. तीन दिसाचं काम असते. दोन मुखवटे मांडायचे, त्याइले लुगडे नेसवायचे, सोळा भाज्या, पुरन, आंबील, आन वरून फुलोरा टांगायचा, म्हंजे करंज्या, पापड्या, वेनीवानी वळलेल्या येन्या दोरीत ओवून महालक्ष्म्याइच्या डोक्यावर लोंबत सोडायच्या. आन त्याइची जागा एकदा ठरली की बदलत नाही. तुळसाबाईच्या सासूनं जी जागा दाखवली ते पुढच्या खोलीत, समोरच्या भितीले. वीरेंद्र आन किशन त्या टाइमाले आपआपल्या गावाले गेलते, म्हनून सवाल आला नोता. दीपाले खोली देताना तिच्या ध्यानातच नाही राह्यलं.

मी म्हटलं, मागच्या खोलीत बसव ना यंदा, देवाले काय दोन पावलं जड जातेत काय. तिचा चेहरा पडला. एका वर्सी पुढच्या खोलीत हेमसिंग मिस्त्रीचं पलस्तर चालू व्हतं, तवा मांग बसवल्या व्हत्या. त्याच सालच्या हिवाळ्यात शालिग्रामभौ गेले. डाक्टरनं अटॅक सांगतला आन हिनं जागा सांगतली. तेव्हापासून तिच्या मनात ते बसलं ते बसलंच. आता एक विकास राह्यला हाय, म्हने, त्याले काही झालं तं मी कोनाच्या तोंडाकडं पाहू. मी बुद्धाची बाई, मले हे पटत नाही. पर तिच्या डोयातलं भेव पाहून मले गंमत करायची इच्छा नाही झाली.

चार दिवस ते दीपासमोर जाय आन काहीबाही बोलून वापस ये. शेवटी माह्या अंगनात दोघी समोरासमोर बसल्या. तुळसाबाईनं सारं सांगतलं, शालिग्रामभौचं बी. दीपा लय वेळ गोलूच्या वेन्या सोडत आन बांधत राह्यली. मंग तिनं तिच्या आज्याचं सांगतलं. ग्यानबा त्याचं नाव. जवान पोट्टा असताना छप्पन साली नागपूरवरून दीक्षा घेऊन आला, घरातले सारे देव टोपल्यात भरले आन नाल्यात सोडले. त्याची माय रडत मागं पयत गेलती. त्याच्या घरात मंग कोनी देव बसवला नाही, नातवाइनं नाही, सुनाइनं नाही.

"आमच्या घरात महालक्ष्म्या बसत नाहीत काकू," दीपा म्हने. "पर हे घर तुमचं बी हाय, मले समजते. मी असं करते. तीन दिवस मी गोलूले घेऊन रिठदले जाते. सामान आतल्या खोलीत ठेवून कुलूप लावते. पुढची खोली तुमची. फोटो मी संग नेते."

तुळसाबाईनं तिचा हातच धरला. मालेगावले गाडी बदलायची, पुढं रिठदची गर्दी, कडेवर पोट्टी, काच फुटन ना वं. राहू दे भितीवर. कोनी हात नाही लावनार.

"नक्की?"

"विकासची आन."

दीपा मानली. विकासची आन घेतल्यावर कोन मानत नाही.

आता यात एक गोष्ट दोघीइच्या बी ध्यानात आली नाही. प्रसेनजित मोठा समजदार भाडेकरू. दुसऱ्याच्या भितीले भोक पाडायचं नाही म्हनून त्यानं नवे खिळे ठोकलेच नोते. भितीत दोन खिळे तयार दिसले, त्याइलेच फोटो लावले. ते खिळे फुलोऱ्याचे व्हते. शालिग्रामभौनं ठोकले व्हते, फुलोऱ्याची दोरी बांधायले.

महालक्ष्म्या आल्या त्या दिवशी मी नेहमीसारखी भाज्या निवडायले अंगनात बसली व्हती. पूजेत मी जात नाही, भाज्या निवडायले काय जाते. विकासले सुट्टी भेटली नोती, आन तुळसाबाई पडली विधवा, म्हनून मांडायचा मान नीलिमाचा. तुम्ही नीलिमाले पाह्यलं नाही. मान भेटला की त्या बाईची उंची वाढते. तिनं मुखवटे बसवले, लुगडे नेसवले, आन फुलोऱ्याची दोरी हातात घेऊन वर पाह्यलं. खिळ्याले फोटो.

आतून तिचा आवाज माह्यापर्यंत आला. म्हने, काढा हे आन ठेवा तिकडं बाजंखाली, तीन दिसाचा तं सवाल हाय. तुळसाबाई म्हने, आन घेतली हाय मी, हात नाही लावायचा. दुसरीकडं बांध दोरी. नीलिमा म्हने, दुसरीकडं कुठं, तुमच्या डोक्याले? जागा हालवायची असन तं हालवा, मले काय, पोरगा तुमचा हाय. हे तिनं मुद्दाम म्हटलं. तिले माईत व्हतं सुरी कुठं लागते.

थोड्या टाइमानं मले दारातून दिसलं, तुळसाबाई दोन्ही फोटो छातीशी धरून मागच्या खोलीत जाऊन राह्यली. लहान लेकरू झोपलं असताना नेतेत ना, तशी. मले वाटलं, कपाटात ठेवन, लुगड्याच्या घडीत. मी कोबीकडं पाह्यलं.

विसर्जन झालं. दुसऱ्या दिवशी सकायी सकायी दीपा आली. मी ओट्यावर चाहा पीत व्हती तुळसाबाईसंग. गोलू "आजी" करत पयत आली, तुळसाबाईनं तिले मांडीवर घेतलं, पुरनपोई भरवली. दीपानं पुढचं दार उघडलं आन तशीच उभी राह्यली. फुलोऱ्याची दोरी अजून लोंबत व्हती. भिंत रिकामी.

"काकू, फोटो?"

तुळसाबाई हासली. मी सांगते तुमाले, तिच्या हासन्यात पाप नोतं. थांब, म्हने, आन लेकीची ओटी भरायची असल्यासारखी आत गेली. आली ते परात घेऊन. परातीत दोन्ही फोटो उभे, त्याइच्या पुढं नारय, आजूबाजूनं शेवंतीची फुलं, काचेवर तांदूय चिकटलेले. आन बाबासाहेबाच्या कपायावर कुंकवाचा हा मोठा टिया. बुद्धाच्या बी. तेलात भिजवलेलं कुंकू, ओघय खाली गालावर उतरलेला.

"नीलिमा बाजंखाली ठेवून राह्यली व्हती," तुळसाबाई सांगे. "मी ठेवू देतो काय? मी माह्या देवघरात बसवले. बालाजीले बाजूले सरकवलं आन मधोमध बसवले. तिन्ही दिवस दिवा विझू देल्ला नाही. पहिला निवद याइले, मंग महालक्ष्म्याइले. पाय, फूल बी सुकलं नाही."

मी दीपाकडं पाह्यलं नाही. पाहायची हिंमतच झाली नाही.

दीपा खाली बसली आन तिनं पदरानं काच पुसायले सुरुवात केली. कुंकू पसरलं. मंग तिनं पानी आनलं. काच साफ झाली, पर तेल चौकटीच्या फटीतून आत गेलं व्हतं, कागदाले वरच्या बाजूनं गुलाबी डाग पडला व्हता. तिनं तो डाग काचेवरून बोटानं घासला. घासत राह्यली. काचेच्या आतला डाग बाहेरून कसा निघन.

"कोनाले इचारलं तुमी?" दीपा हळूच म्हने.

"यात इचारायचं काय वं पोरी? मी काही खराब केलं काय? देवात बसवलं."

"तेच केलं ना काकू. माह्या आज्यानं देव सोडले ते याइच्यापायी. आन तुमी याइलेच देवात नेऊन बसवलं."

तुळसाबाई माह्याकडं फिरली. "रुखमे, तू सांग. तू तं त्याइच्यातली हाय. माही नियत खराब व्हती काय?"

काय सांगनार व्हती मी. नियत खराब असती तं किती सोपं झालं असतं. मी म्हटलं, नियत चांगलीच व्हती वं तुही. आन ते म्हनताना मले दिसलं का दीपा माह्याकडं पाहून राह्यली हाय, आन तिच्या डोयात मी बी आता परातीच्या त्या बाजूले हाओ.

मंग गाव आपल्या कामाले लागलं. नीलिमानं सांगत सुटायले कमी केलं नाही का बाईनं देवीच्या पाठीमांगं काय काय बसवलं, अन् आता तेच भाडेकरीन वरून डोये दाखवून राह्यली. आमच्या वस्तीतले पोट्टे दीपाच्या दारात जमा झाले का तक्रार देऊ, फोटोची विटंबना झाली. दीपानं त्याइले चाहा पाजला आन इचारलं, काय लिहू तक्रारीत, का म्हातारीनं पूजा केली? पोट्टे एकमेकाच्या तोंडाकडं पाहून निंगून गेले.

शनिवारी प्रसेनजित आला. भला मानूस, त्याले वाटलं मिटवून टाकावं. चूक झाली, म्हने, आपनच खिळे आपले ठोकाले पाह्यजे व्हते. दीपा उठून गोलूले निजवायले गेली. तुळसाबाई तिकडं मालेगावले एकटी गेली, आयुष्यात पहिल्यांदा एकटी एसटीत बसली, आन बाबासाहेबाचा नवा फोटो घेऊन आली, पहिल्यापेक्षा मोठा, सोनेरी चौकटीचा. दुकानदारानं इचारलं असन बाई तुमी कोन, आन तिनं काय सांगतलं असन ते तिचं तिले माईत. मधल्या दाराची कडी वाजवली, थांबली. गोलूचा आवाज आला नाही. दीपानंच दार उघडलं. फोटो पाह्यला, त्याले हात जोडले, आन म्हने, आमचा आमी आनू काकू. तुमी ठेवा तुमच्यापाशी.

आता तुळसाबाई तो कुठं ठेवन? देवघरात ठेवता येत नाही हे तिले समजलं व्हतं. भितीवर ठेवला तं नीलिमा हाय. मंग ते तो घेऊन माह्याकडं आली. तो माह्या घरी हाय आता.

मी दीपाले समजवायले गेली. सांगतलं का बुढीचं काळीज साफ हाय, दुसरं घर पाहशील तं असं मानूस भेटनार नाही, खोली कालच गेली असंच आयकशील. दीपा कपड्याच्या घड्या घालत व्हती. म्हने, "मावशी, तिनं फोटो फेकला असता तं मी भांडली असती. भांडली असती आन राह्यली असती. पर पूजेशी कसं भांडू? उद्या ते गोलूच्या कपायाले कुंकू लावन. आन मायेनंच लावन. मी कोन्या तोंडानं पुसू?"

मी तिच्या घड्या घातलेल्या कपड्याइची थप्पी लावली. मी इतकी बोलनारी बाई, मले चाहा बी नकोसा झाला.

मालेगावले तिले खोली भेटली. मालक परदेशात राह्यते, भाडं मोबाईलवर जाते, वरच्या माळ्याले स्वतंत्र जिना. तिथून ते रोज येनं जानं करन असं ठरलं. ज्या दिवशी सामान निंगालं, तुळसाबाई बाहेर आलीच नाही. टेम्पोत पलंग चढला, गॅस चढला. दीपा फाटकापर्यंत गेली, वापस आली, मधल्या दाराजवय थोडी उभी राह्यली. गोलूनं कडी वाजवली. "आजी, मी." पल्याडून काही नाही. "आजी, मी कोन?" असं तिनंच इचारलं, कोनी इचारत नाही म्हनून. दीपानं तिले उचललं. माह्या पाया पडली आन टेम्पोत बसली.

टेम्पो गेल्यावर मी मागच्या दारानं आत गेली. तुळसाबाई मधल्या दाराले पाठ लावून खाली बसली व्हती. मी म्हटलं, उघडलं काहून नाही, लेकरू बलावून राह्यलं व्हतं. तं म्हने, तिच्या मायनं नाही बलावलं ना.

त्यानंतर विकासचा फोन आला का आई, आता कोन्या मानसाले खोली देऊ नको, कटकट नको. त्यानंच तिकडून जमवलं. ठेसनावरच्या खताच्या दुकानदारानं पुढच्या दोन्ही खोल्या गोदाम म्हनून घेतल्या. मधलं दार हेमसिंगनं विटाइनं बुजवलं, वरून पलस्तर मारलं. आता भितीच्या त्या बाजूले युरियाच्या थप्प्या हायत. बुढीच्या नाकात दिवसभर तो वास, भाजीले बी तोच, अंथरुनाले बी तोच. रातच्याले एक एक वाजेपर्यंत तिच्या खिडकीत दिवा दिसते मले. झोप नाही, म्हने. मी म्हटलं, माह्याकडं ये झोपायले. येतो येतो म्हनते, येत नाही.

दीपा रोज सकायी उपकेंद्रावर येते आन संध्याकायी जाते, याच रस्त्यानं. माह्याशी बोलते. डोयाचा थेंब आनून देते. तुळसाबाई ओट्यावर असली तं मान हालवते, ही बी मान हालवते. भांडन नाही काही. भांडन असतं तं मी मिटवलं असतं, माह्यं तं कामच ते.

यंदा महालक्ष्म्या आल्या तवा दुकानदाराचे हमाल आले आन घंटाभरात पोते काढून ट्रकमधी टाकले. खोली झाडली, धुतली, तरी वास गेला नाही. महालक्ष्म्या आपल्या जागी बसल्या. नीलिमानं फुलोरा बांधला आन साऱ्या बायाइले आयकू जाईन असं म्हने, यंदा कसं निवांत झालं. मी अंगनात दोडके सोलत व्हती. कोन्यातरी पाहुनीनं तुळसाबाईले इचारलं का नवा भाडेकरू कसा हाय.

तुळसाबाई आंबील ढवयत व्हती. म्हने, "चांगला हाय. त्याले काही इचारा लागत नाही."

पाहुनी हासली. मी तुळसाबाईकडं पाह्यलं, का आता हे बी हासन, मंग मी बी काही बोलन. ते हासली नाही. आंबिलीत चमचा फिरवत राह्यली, आन आंबील खाली लागून राह्यली व्हती, तरी फिरवतच राह्यली.